मुआरा जांबूच्या घराची किल्ली

मुआरा जांबू,
३ मार्च १९९६

चि. एर्नास,
अनेक दुआ व आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र रोज्यांच्या आधी आले आणि उत्तर ईद उलटल्यावर लिहिते आहे, तेव्हा रागाव हवे तर, पण पुढचे वाच. ईदला तुझे भावोजी आठ दिवस येऊन गेले. पेकनबारूच्या खाणावळीत दिवसभर उभे राहून त्यांचा उजवा गुडघा सुजला आहे. आपल्या घराचा जिना चढताना आता कठडा धरावा लागतो. आपल्याकडे घर आणि जमीन बायकांची, नवरा हा बायकोच्या घरचा पाहुणाच, हे कबूल; पण हा पाहुणा म्हातारा व्हायला लागला आहे. जाताना त्यांनी मला विचारले, की लग्नाला तेवीस वर्षे झाली, त्यातली एका छपराखाली किती काढली, हे कधी मोजलेस का. मी म्हटले, मोजले नाही आणि मोजणारही नाही, उगाच रडू येईल. खाणावळीच्या वर त्यांनी दोन खोल्या घेतल्या आहेत. एका खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून बाजार दिसतो, असे तीनतीनदा सांगून गेले.

आता गावची बातमी. किनाऱ्याने पक्का रस्ता येणार म्हणून मोजणीवाले आले होते. त्यांनी वाळूत लाल निशाणे रोवली आणि आपल्या बुयुंगने त्यातली चार उपटून माडावर नेऊन ठेवली. नारळ पाडायला शिकवलेले माकड ते, त्याला वाटले हेही आपलेच काम. परवापर्यंत जिथे आपण मासळी वाळत घालायचो, त्या जागेला आता सगळे समुद्र दिसणारी जागा म्हणतात. जसा काही आजवर तिथून डोंगर दिसत होता. पलीकडच्या घरच्या रापियाने तर आपल्या तीन माडांना कुंपण घातले आहे.

पदांगचे एक हेंद्रीसाहेब आपली माडाची बाग मागत आहेत, पाहुण्यांसाठी लाकडी घरे बांधायला. मामा म्हणाले, आईच्या आईकडून आलेली जमीन विकायची तर गोष्टच काढू नका, पण पंचवीस वर्षांच्या भाड्याने द्यायला हरकत नाही. त्याला घरातल्या जाणत्या बायकांच्या सह्या लागतात, म्हणजे माझी आणि तुझी. तुझी येनी लहान आहे, तिला यात ओढायचे कारण नाही, असे मामाच म्हणाले.

मी मामांना सरळ सांगितले, की बाग दुसऱ्याच्या हातात गेली म्हणजे मी इथे राखण कशाची करायची? नारळ नाहीत, खोबरे वाळवणे नाही. दोन्ही मुलगे परगावी लागले. मी घराला कुलूप लावीन आणि पेकनबारूला जाईन. मामा नुसते करवंटीतली कॉफीच्या पानांची कॉफी पीत राहिले. मी तो होकार धरला आहे.

सोळा वर्षांपूर्वी तू धक्क्यावर उभी राहून म्हणाली होतीस, ताई, पाच वर्षं सांभाळ, मग मी येते. ते मी आता उगाळत नाही. पण आता ना तुझी पाळी ना माझी, असा एक मार्ग निघाला आहे. तेव्हा सोबतच्या संमतीच्या कागदावर सही करून उलट टपाली पाठव.

माया आहे तेवढीच राहिली तरी पुरे, फक्त सहीला उशीर नको.

तुझी ताई,
यूलिनार


बाताम,
२९ मार्च १९९६

ती. ताईस,
स. सलाम, वि. वि.

सही केली आहे. तुझे पत्र मी चाळीच्या जिन्यावर उभ्याउभ्याच वाचले आणि वर जाऊन आधी पेन शोधले. भावोजींच्या गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी बांधायला सांग. नाहीतर आता तूच जाऊन बांधशील म्हणा. खिडकीचे तीनतीनदा सांगितले हे वाचून मी आणि शफ्रिल दोघेही हसलो, आणि मग शफ्रिल म्हणाला, बिचारा माणूस. माझा नवराही जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडवून दमून येतो, त्याला दुसऱ्याचे दमणे लगेच कळते.

बुयुंगला माझ्याकडून एक केळे दे. आजवर घरात राहणारा तेवढाच एक पुरुष, आणि त्यानेच साहेबांना विरोध केला.

आता एक गंमत. येनीला मागच्या आठवड्यात सतरा वर्षे पूर्ण झाली आणि तिचे ओळखपत्र आले. फोटोत ती पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखी दिसते. तुझा कागद आला तेव्हा ती शेजारीच होती. मी म्हटले, तूही कर सही, आता तूही जाणती. तिने तीन वेलांट्या काढून अशी सही केली आहे, की जशी काही तीच बागेची मालकीण. मामांना सांग, आपल्या घरात आता दोन नव्हे, तीन बायका आहेत. तुला दोन्ही मुलगे, मला ही एकटी; लेकींवर चालणारा आपला वंश संपला म्हणून रापिया टपून बसलेली असते ना, तिला हा कागद अगदी उलगडून दाखव. आई असती तर तिने गावभर बांबूत शिजवलेला भात वाटला असता.

येनीला जुलैत परिचारिकेच्या शाळेत प्रवेश मिळेल असे तिच्या बाई म्हणतात. कापडी बाहुलीच्या हाताला पट्ट्या बांधत बसते. माझ्या हातालाही काल बांधली, काही झालेले नसताना.

तू उगाळत नाही म्हणतेस म्हणूनच ते जास्त झोंबते. दर वर्षी ठरवले, आणि दर वर्षी काहीतरी निघाले. खरे सांगायचे तर काही निघाले नाही तेव्हाही मी राहायला आले नाही. घराला कुलूप लागणार ही ओळ मी पुन्हापुन्हा वाचली, पण मी कोण बोलणार?

राग असेल तो खाणावळीतल्या तिखटात घाल, माया मात्र माझ्यासाठी वेगळी काढून ठेव.

तुझीच,
एर्ना


मुआरा जांबू,
१६ जून १९९६

चि. एर्नास,
आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र बसून वाच, आणि येनी घरात नसताना वाच.

करार झाला. गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्या घरी बैठक बसली. बकऱ्याचा रस्सा केला होता. हेंद्रीसाहेब मांडी घालून बसले आणि पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत, म्हणून सगळ्यांना आवडले. मामांनी करार वाचून दाखवला. तुला त्यांचे वाचणे माहीत आहे. लग्नातल्या भाषणाच्या सुरात, डोळे मिटून, अर्धे कागदातले आणि अर्धे स्वतःचे. मी चुलीपाशी होते. बाकीच्यांनी मान डोलावली तशी मीही आतूनच हो म्हटले आणि नंतर हात पुसून सही केली. जाणत्या मामांनी वाचलेला कागद भाचीने पुन्हा मागून वाचायचा, असे आपल्याकडे कुणी केले आहे का? मीही नाही केले.

दुसऱ्या आठवड्यात ट्रंक काढली. मामा आले आणि ट्रंकेकडे बघून विचारले, हे काय? मी म्हटले, ठरल्याप्रमाणे. तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, की साहेब लोक पुढेमागे घरावरही हात टाकतील म्हणून त्यांनी स्वतः एक कलम घालायला लावले आहे. सही केलेल्या बायकांपैकी एक तरी पंचवीस वर्षे या घरात राहिलीच पाहिजे. साहेब लगेच कबूल झाले म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. मी कागद मागून घेतला. कलम आहे. त्याच्या खाली साहेबांची एक ओळ आहे, ती मामांनी वाचलीच नव्हती. घर सहा महिने बंद राहिले तर मुदत संपेपर्यंत घराचा ताबाही साहेबांचा.

मी मामांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ते खाली वाळूत जाऊन बसले आणि मला वाटले आता हे रडणार. त्यांनी आपल्या भल्यासाठीच केले ग. घरात बाई नसेल असा दिवसच त्यांच्या कल्पनेत येत नाही. माझे कुलूप लावण्याचे बोलणे त्यांना थट्टा वाटली होती. मोडायचे म्हटले तर आगाऊ आलेल्या पैशांतून छपराचे पत्रे बदलून झाले आहेत.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. करार संपेल तेव्हा एकोणसत्तर.

आता मुख्य गोष्ट. दोन दिवसांनी मामा पुन्हा आले, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, तिसरी सही आहे की. येनी आली तर यूलिनार मोकळी. पाहुण्यांच्या घरांवर पोरीला काम मिळेल, आणि त्यांच्या नजरेत एक मुलगाही आहे, शाळामास्तर, दारू नाही, जुगार नाही.

मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. मला ते आवडले, एर्ना. तीन दिवस आवडले. मी तुझ्या भावोजींना पत्र लिहायला घेतले. येनीसाठी कुठली गादी काढायची तेही ठरवले. चौथ्या दिवशी मासळी उलटी करताना आठवले, की मलाही एकविसाव्या वर्षी असेच, खालच्या पायरीवर बसून, सांगितले होते. तेव्हाही मामाच होते, फक्त केस काळे होते. त्यानंतर मला जेवण गेले नाही. पण खरे सांगते, अजूनही पहाटे जाग आली की पहिल्यांदा गादीचाच विचार येतो.

म्हणून तू मला एका शब्दात कळव, हो किंवा नाही. माझ्यावर सोपवू नकोस. माझ्यावर सोपवलेस तर मी काय करीन याचा मला भरवसा नाही.

माया कमी झाली असेल तर तसेही लिही.

ताई


बाताम,
२ जुलै १९९६

ती. मावशीस,
येनीचा स. सलाम, वि. वि.

हे पत्र आईला माहीत नाही. तुझं पत्र तिने तांदळाच्या डब्यात लपवलं आणि मग मलाच तांदूळ काढायला सांगितलं. लपवणं तिला कधीच जमलं नाही. गेले आठ दिवस ती तुला उत्तर लिहायला बसते, वर तारीख घालते आणि उठते. चार तारखा घालून झाल्या. काल तिने बाबांना विचारलं, काय लिहू? बाबा म्हणाले, तुमच्या घराच्या गोष्टीत मी काय बोलणार, मी सोयरा माणूस. मग दोघंही जेवली नाहीत आणि सगळी मासळी मला मिळाली.

मावशी, मी येते. खरंच. यात रडण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. परिचारिकेच्या शाळेत प्रवेश मिळालाय, पण तो कागद मी अजून आईला दाखवला नाही, म्हणजे तो नाही मिळाला असंही म्हणता येईल. पाहुण्यांची घरं होतील तिथे खरचटलेल्या गोऱ्या पायांना पट्ट्या बांधायला कुणीतरी लागेलच. आणि मला समुद्र आवडतो. लहानपणी तू मला रापणीचं जाळं ओढायला नेलं होतंस आणि दोरीला हात लावला म्हणून माझ्या वाट्याचे तीन मासे दिले होते, ते मी अजून सगळ्यांना सांगते.

फक्त त्या मास्तरांचं काय ते मामाआजोबांना सांग, की मला त्यांची घाई नाही. आणि सही मी मजेत केली होती. तीन वेलांट्या मुद्दाम काढल्या होत्या. पण सही ती सहीच, असं बाई शाळेत म्हणतात.

तू तेवीस वर्षं राहिलीस, मग मला काय धाड भरली? या महिन्याच्या एकतीस तारखेच्या बोटीचं तिकीट मी बघून ठेवलंय. तू ट्रंक बांधून ठेव. काकांची खिडकी बघितलीस की तिथून काय काय दिसतं ते मला लिही.

लाड पूर्वीसारखेच हवेत, मोठी झाले म्हणून कमी करायचे नाहीत.

तुझी,
येनी


पाइनान, टपाल कचेरी,
२० जुलै १९९६

चि. एर्नास,
आशीर्वाद, वि. वि.

तुझे उत्तर आले नाही. तुझ्या पोरीचे आले. तिचे पत्र सोबत ठेवले आहे, वाच, आणि तिला मारू नकोस. माझ्या वाट्याला काही वेळा वाईट माणसे आली असती तर बरे झाले असते, त्यांच्याशी भांडता तरी आले असते. मामा चांगले, हे चांगले, ही पोर तर सोन्यासारखी. तिचे पत्र वाचून मी दिवसभर घरातल्या घरात फिरले. ती आली असती तर तिला तिथे ठेवून मी गेले असते, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून ती यायच्या आत निघाले.

आज सकाळी दाराला कुलूप लावले आणि ट्रंक घेऊन फाट्यावर आले. मामा आले होते. मी किल्ली पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, बायकांच्या घराची किल्ली माझ्या कमरेला शोभत नाही, मी माझ्या बायकोच्या घरी झोपणारा माणूस. ते खोटे नाही. बुयुंगला मात्र त्यांनी मुकाट्याने घेतले. माकड चालले, किल्ली नाही. तेवढ्यात रापिया पुढे झाली आणि हात पसरून म्हणाली, दे, मी ठेवते. तिचा हात इतका चटकन आला, की मी किल्ली पुन्हा मुठीत घेतली. बस उभी होती. कंडक्टर म्हणाला, मावशे, चढायचं तर चढ, नाहीतर घरी जा. सगळे गाव बघत होते आणि त्या एवढ्याशा लोखंडाला धरायला गावात भरवशाचा एक हात नव्हता. मी तशीच चढले.

मामा खिडकीशी आले आणि एवढेच म्हणाले, की जेवून घे वाटेत. मग मला रडू आले.

किल्ली या पाकिटात आहे. रजिस्टर केले आहे, नीट पोचेल. ती तुझी आहे. पाच वर्षांची मुदत होती, तेवीस मी काढली, त्यातली अकरा तुझ्या हिश्शाची. घर उघडायचे की साहेबांच्या ताब्यात जाऊ द्यायचे, ते तू ठरव. आजपासून सहा महिने आहेत. मी विचारणार नाही, आणि जे करशील त्याला नावेही ठेवणार नाही.

एकच गोष्ट सांगते, आणि ती ताई म्हणून सांगते. किल्ली येनीच्या हातात देऊ नकोस. ती मागेल. हसत मागेल. देऊ नकोस.

दाराची खालची कडी जरा उचलून मग किल्ली फिरवावी लागते.

माया असेल तर पेकनबारूच्या पत्त्यावर लिही, नसेल तरी लिही.

तुझी ताई,
यूलिनार


मुआरा जांबू,
८ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
स. सलाम, वि. वि.

वरचे गावाचे नाव वाचून थांबली असशील. हो, मी इथे आले आहे. मंगळवारी आले. कडी उचलली तरी दार उघडेना. खाऱ्या हवेने फुगले होते. शेवटी मामांनी खांदा लावला आणि दार उघडल्याबरोबर मागे सरले, मी आत ये म्हणेपर्यंत आले नाहीत. घरात उंदीर झाले आहेत. तुझी गादी त्यांनी कुरतडली, येनीसाठी काढलेली ती. मी ती जाळली.

साडेचार महिने तुला लिहिले नाही, कारण लिहायला तोंड नव्हते. किल्ली आली त्या दिवशी पाकीट येनीनेच फोडले. तू म्हणालीस तसेच झाले. ती हसत म्हणाली, आई, बघ, किती छोटी आहे, मला वाटलं होतं राजवाड्याची असेल. आणि खिशात टाकली. मी तिच्याकडून मागून घेतली. देईना, तेव्हा हिसकावली आणि तिच्यावर हात उचलला. आजवर कधी उचलला नव्हता. मग तिच्या दप्तरातून शाळेच्या प्रवेशाचा कागद काढला आणि तिला घेऊन जाऊन पैसे भरले. आता ती वसतिगृहात राहते. पांढऱ्या कपड्यांत अगदी बगळा दिसते.

त्यानंतर किल्ली माझ्या चोळीत होती. रोज वाटायचे, उद्या खाडीत टाकावी. जाऊ दे घर साहेबांना, आपले काय अडले आहे? नोव्हेंबरात रापियाचे पत्र आले, मी अजिबात काळजी करू नये, साहेबांशी तिचे बोलणे झाले आहे, घर ओस पडण्यापेक्षा तिच्या लेकी राहतील. ते वाचून मी जेवढी रागावले तेवढी तुझ्या पत्रानेही रागावले नव्हते. शफ्रिल म्हणाला, जायचंय तर जा, मी ईदला येईन. आणि मग आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो, कारण हे वाक्य आम्ही दोघांनीही भावोजींच्या तोंडून ऐकलेले आहे.

बागेतले निम्मे माड तोडले आहेत. सहा घरांचे नुसते खांब उभे आहेत आणि रस्ता दोन डोंगर पलीकडेच थांबला आहे. साहेब म्हणतात पुढच्या वर्षी. मामा रोज संध्याकाळी बुयुंगला घेऊन खालच्या पायरीवर येऊन बसतात. त्याला चढायला चांगले माड राहिले नाहीत, म्हणून तो त्या खांबांवर चढतो आणि वर काही मिळत नाही म्हणून रागावून खाली येतो. मी मामांना सांगितले, की मी पाच वर्षांसाठी आले आहे. त्यांनी करवंटी पुढे केली, मी कॉफी ओतली.

तू गेलीस त्याचे मला वाईट वाटत नाही. हे मी मनापासून लिहिते आहे. तुझ्या खिडकीतून काय दिसते ते येनीला एकदा लिही, ती वाट बघते आहे. मलाही लिही.

एक सांगायचे राहिले. मी निघाले तेव्हा येनी धक्क्यावर आली होती. शाळेच्या कपड्यांतच, सुट्टी मागून. बोट सुटायच्या आधी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आई, पाच वर्षं सांभाळ, मग मी... पुढचे मी तिला बोलू दिले नाही. तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि बोटीची शिट्टी होईपर्यंत काढला नाही.

ईदला भावोजींना घेऊन पाहुण्यासारखी ये. जिना चढताना त्यांना हात मी देईन.

तुझी,
एर्ना